मंडळीत तक्रार मांडायची, पण मंडळी फोडायची नाही: टप्प्याटप्प्याने

चर्चच्या मंडळीत वाद झाला की प्रत्येकाच्या तोंडी बायबलमधला मत्तय १८ असतो, आणि जवळजवळ प्रत्येक जण त्यातला क्रम उलटा चालवतो. प्रभू येशूने सांगितले ते असे: आधी एकट्याने त्या माणसाकडे जा, नाही ऐकले तर एकदोघांना घेऊन जा, तरीही नाही ऐकले तर मंडळीला सांग. प्रत्यक्षात आधी अर्ध्या मंडळीला कळते, मग एकदोघे तावातावाने भेटायला जातात, आणि ज्याच्याबद्दल हे सगळे चालले आहे त्याला सगळ्यात शेवटी, तेही तिसऱ्याच कोणाकडून, कानावर येते. तोवर तट पडलेले असतात. कोणाच्या शेजारी कोण बसते यावरून कोण कुठल्या बाजूचे हे ओळखता येऊ लागते.

मतभेदाने मंडळी फुटत नाही. पहिल्या मंडळीचे पुढारी पौल आणि पेत्र अंत्युखियात समोरासमोर भिडले, तरी मंडळी टिकली. ज्या माणसाच्या हातात काही दुरुस्त करणे नाही त्याला जाऊन तक्रार सांगितली, तिथे फूट सुरू होते. खाली दिलेला सगळा क्रम या एका गोष्टीभोवती आहे. तक्रार तुमची असो, तुमच्या कानावर आलेली असो किंवा तुमच्याविरुद्ध असो, टप्पे गाळू नका आणि पुढचा टप्पा आधी घेऊ नका.

## सगळ्यात आधी: हा क्रम कुठे लावायचा नाही

लहान मुलांवर किंवा कोणावरही अत्याचार, मारहाण, लैंगिक छळ, धमकी, पैशांची अफरातफर: अशा बाबतीत पीडित माणसाला “आधी एकट्याने त्याला जाऊन भेट” असे सांगणे हा दुसरा अन्याय आहे. तिथे पहिले काम म्हणजे त्या व्यक्तीला सुरक्षित करणे, आणि गुन्हा असेल तर पोलिसांकडे जाणे. मुलाबद्दल शंका असेल तर मंडळीने स्वतःची चौकशी उरकेपर्यंत थांबायचे नाही.

इशारा: “बाहेर गेलात तर मंडळीची बदनामी होईल, फूट पडेल” असे कोणी अशा वेळी म्हणाले, तर तो माणूस ऐक्याचे रक्षण करत नाही, गुन्ह्यावर पांघरूण घालतो आहे. तक्रार करणाऱ्याने फूट पाडलेली नसते. ती अत्याचार करणाऱ्याने पाडलेली असते.

हे सोडून बाकीच्या तक्रारींसाठी पुढे वाचा. मंडळीतल्या बहुतेक तक्रारी बाकीच्यातच मोडतात.

## टप्पा १: तक्रार कागदावर उतरवा

कोणाशीही बोलण्याआधी एक कागद घ्या. काय घडले, कधी घडले, तुम्ही स्वतः काय पाहिले किंवा ऐकले, एवढेच चारपाच ओळींत लिहा. “ते नेहमीच असे करतात” हे वाक्य आले तर खोडा आणि एक नेमका प्रसंग लिहा. “सगळ्यांचे म्हणणे आहे” असे आले तर तेही खोडा.

हे दुसरे वाक्य फार नुकसान करते. पौलाला करिंथच्या मंडळीतल्या भांडणांची बातमी लागली तेव्हा ती कोणाकडून आली हे त्याने पत्रात उघड लिहिले: ख्लोवेच्या घरच्या माणसांकडून. “काही लोक म्हणतात” असे त्याने लिहिले नाही. बिननावाच्या आरोपाला उत्तर देता येत नाही. ज्याच्यावर आरोप आहे तो मग प्रत्येकाच्याच तोंडाकडे संशयाने पाहू लागतो.

आता स्वतःला विचारा, ही तक्रार नक्की कशाची आहे?

- पाप: कोणी खोटे बोलले, फसवले, अपमान केला. याला पुढचा सगळा क्रम लागू होतो.
- शिकवण: उपदेशात वचनाला, म्हणजे बायबलला, सोडून काही सांगितले गेले असे वाटते. आधी तो उतारा पुन्हा वाचा, उपदेशाचे रेकॉर्डिंग असेल तर पुन्हा ऐका, आणि मग थेट उपदेशकालाच विचारा. अर्ध्या वेळा आपण चुकीचे ऐकलेले असते.
- निर्णय: उपासनेची वेळ बदलली, इमारतीचे काम आधी घेतले, तुमच्या मुलीला गायनमंडळात घेतले नाही. हे पाप नव्हे. ज्यांनी निर्णय घेतला त्यांच्याकडे कारण मागा, बैठकीत मत मांडा, आणि मत पडले तर पडले म्हणून घरी या.
- आवड: गाणी जुनी की नवी, वाद्ये किती, उपदेश किती लांब. आवडीला पापाचा पोशाख चढवला की भांडणाला पवित्र कारण मिळते आणि मग ते मिटता मिटत नाही.

मी पाहिलेल्या बहुतेक फुटींचे मूळ तिसऱ्या किंवा चौथ्या प्रकारात होते, पण लोक बोलत होते ते पहिल्या किंवा दुसऱ्या प्रकाराच्या भाषेत. “वेळ बदलल्याने आमची गैरसोय होते” असे म्हणायला संकोच वाटतो, म्हणून “पाळकांमध्ये (मंडळीच्या धर्मगुरूंमध्ये) आत्मा राहिला नाही” असे म्हटले जाते.

तपासा: कागदावरचा मजकूर त्या माणसाच्या समोर, त्याच शब्दांत, मोठ्याने वाचून दाखवता येईल का? येत नसेल तर पुन्हा लिहा.

## टप्पा २: आपला हिशेब आधी

हा टप्पा छोटा आहे, पण गाळू नका. तुम्ही त्या माणसाचे काही देणे लागता का? जुना शब्द, न मागितलेली क्षमा, मनात धरलेली स्पर्धा? मत्तय ५ मध्ये प्रभू सांगतो की वेदीशी दान आणताना भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर दान तिथेच ठेव आणि आधी समेट कर. तिथे आठवायचे आहे ते त्याच्या मनातले आपल्याविरुद्धचे, हे नीट लक्षात घ्या.

प्रार्थना करा, पण एकट्याने. “या विषयासाठी प्रार्थनेत राहा” असे चार जणांना सांगणे ही तयारी नाही. तो तिसरा टप्पा ओलांडून थेट शेवटच्या टप्प्यावर उडी मारणे आहे.

मी स्वतः ही उडी मारलेली आहे. काही वर्षांपूर्वी वार्षिक हिशेब वाचताना इमारत निधीची रक्कम मला कमी दिसली. प्रार्थनासभेनंतर चपला घालता घालता मी दोन मित्रांना म्हणालो, “हिशेबात काहीतरी आहे, जरा प्रार्थनेत ठेवा.” एवढेच एक वाक्य. तिसऱ्या रविवारी खजिनदारांच्या पत्नीची गायनमंडळातली जागा रिकामी होती. मग मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी काही न बोलता रजिस्टर उघडले, पान उलटले आणि बोट ठेवले. रक्कम पुढच्या पानावर मुदत ठेवीच्या खात्यात होती, पावती टाचणीने लावलेली. दहा मिनिटांचे काम. हे दहा मिनिटांचे काम मी तीन आठवडे आधी केले असते, तर एका बाईंना लोकांच्या नजरा चुकवत मागच्या दाराने निघून जावे लागले नसते. त्या भाऊंनी पुन्हा कधी ते पद घेतले नाही.

## टप्पा ३: एकट्याने, समोरासमोर

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून सावकाश वाचा.

वेळ मागा. उपासनेच्या आधी दारात गाठू नका. उपासनेनंतरही नको, तेव्हा चार माणसे ऐकत असतात आणि पाळक दमलेले असतात. “एका गोष्टीबद्दल तुमच्याशी दोघांतच बोलायचे आहे, तासभर कधी देऊ शकाल?” एवढा निरोप पुरे. विषय निरोपात लिहू नका, आणि “गंभीर बाब आहे” असे लिहून दोन दिवस टांगूनही ठेवू नका.

मेसेजवर मांडू नका. व्हॉट्सअॅपवर लिहिलेल्या ओळीला आवाज नसतो. वाचणारा तिला स्वतःच्या भीतीचा आवाज देतो. शिवाय तिचा स्क्रीनशॉट निघतो. भेटणे शक्यच नसेल तर फोन करा.

पुरुष आणि स्त्री यांच्यातली बाब असेल आणि एकट्याने भेटणे योग्य वाटत नसेल, तर दोघे दिसतील अशा मोकळ्या जागी बसा, किंवा जोडीदाराला बरोबर घ्या. इथे गुप्ततेचा अर्थ ऐकणारे कमी, एवढाच. बंद दार हा त्याचा अर्थ नाही.

पहिले वाक्य ठरवून जा. आरोपाने सुरुवात केली की समोरचा बचाव करू लागतो आणि ऐकणे संपते. “तुम्ही मला मुद्दाम डावलले” याऐवजी “मागच्या बैठकीत माझे नाव यादीतून काढले गेले, ते का, हे मला समजले नाही आणि ते माझ्या मनाला लागले” असे म्हणा. घडलेली गोष्ट, मग त्याचा परिणाम, मग प्रश्न. प्रश्न विचारून गप्प बसा. ही गप्प बसण्याची मिनिटे कठीण असतात, तरी भरून काढू नका.

ऐका, आणि ऐकलेले परत सांगा. “म्हणजे तुमचे म्हणणे असे की नाव तुम्ही काढले नाही, यादीच जुनी होती?” नीतिसूत्रांच्या १८व्या अध्यायात दोन वचने जवळजवळ आहेत. ऐकून घेण्याआधी उत्तर देणे हा मूर्खपणा, हे एक. पहिला बोलणारा खरा वाटतो, मग दुसरा येऊन त्याची तपासणी करतो, हे दुसरे. भेटीला जाताना लक्षात ठेवा की तुम्ही तो पहिला बोलणारा आहात.

हेतू धरून राहा. मत्तय १८:१५ मध्ये भेटीचे फळ म्हणून जे सांगितले आहे ते “भाऊ मिळवलास” हे आहे. त्याने सगळे कबूल केले, मान खाली घातली, असे तिथे लिहिलेले नाही. त्याने अर्धेच मान्य केले आणि नाते जुळले, तर घरी या.

नेहमीच्या चुका, ज्या मी वारंवार पाहतो:

- एका भेटीत दहा वर्षांची यादी काढणे. एक बाब न्या.
- वचन हत्यारासारखे वापरणे. त्याच्या पापावर वचन वाचून दाखवायला गेलात तर तो तुमच्यावर दुसरे वाचून दाखवेल.
- “हे फक्त माझे मत नाही” असे म्हणणे. त्याला ताबडतोब कळते की त्याच्याआधी इतरांशी बोलणे झाले आहे, आणि ते खरेही असते.
- एकदा भेटून “मी माझे काम केले” म्हणणे. राग निवायला वेळ लागतो. आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा जा.

तपासा: भेटीनंतर घरी आल्यावर “काय म्हणाले?” असे कोणी विचारले, तर सांगण्यासारखे काहीच उरू नये. मिटले असेल तर ते दोघांतच मिटले.

## टप्पा ४: एकदोघे बरोबर

दोनदा जाऊनही दार बंदच राहिले, तरच हा टप्पा. बरोबर कोणाला न्यायचे यावर सगळे अवलंबून आहे. लोक आपली बाजू घेणाऱ्यांना नेतात, आणि मग ती भेट राहत नाही, घेराव होतो. दोन्ही बाजूंना ज्यांच्याबद्दल आदर आहे अशांना न्या. तुमच्या नात्यातला, तुमच्या गटातला, तुमच्याकडे नोकरी करणारा नको. समोरच्यालाही आधी विचारा: “अमुक भाऊ आणि तमुक भगिनी बसल्या तर चालेल का?” त्याने एक नाव सुचवले तर आनंदाने घ्या.

त्यांना आधी फक्त विषय सांगा, तुमचा निकाल सांगू नका. दोघातिघांच्या साक्षीचा नियम जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातून येतो, आणि तिथेही तो एकट्या माणसाच्या शब्दावर कोणाला दोषी ठरवू नये म्हणून आहे. म्हणजे ते आरोपीचेही संरक्षण आहे. या दोघांनी तुमची चूक दाखवली तर ती मान्य करायची तयारी ठेवूनच त्यांना बोलवा.

मध्यस्थी करायला ज्यांना बोलावले आहे त्यांनी फिलिप्पै ४:२-३ पाहावे. त्या मंडळीतल्या युवदीया आणि सुंतुखे या दोघींचे भांडण कशावरून होते हे पौल सांगतच नाही. कोणाचे बरोबर तेही सांगत नाही. “विनंती करतो” हे तो दोघींना वेगवेगळे म्हणतो, जणू एकीच्या शेजारी बसून मग उठून दुसरीच्या शेजारी बसतो. आणि दोघींनी सुवार्तेसाठी कष्ट केले आहेत याची तो आठवण देतो. मध्यस्थाने एवढे केले तरी पुष्कळ.

तपासा: भेट संपताना काय ठरले ते चौघांच्या समोर एका कागदावर लिहा, तारीख घाला. आठवणीवर सोडलेला समेट महिनाभरात दोन वेगवेगळे समेट होतो.

## टप्पा ५: वडील किंवा कमिटीपुढे

आता बाब अधिकाऱ्यांकडे, म्हणजे वडिलांकडे (मंडळीच्या ज्येष्ठ पुढाऱ्यांकडे) किंवा कमिटीकडे जाते. तोंडी नको, लेखी द्या: काय घडले, कधी, आधी कोणत्या तारखांना भेटी झाल्या, कोण उपस्थित होते, तुम्हाला काय हवे आहे. शेवटचा मुद्दा बहुतेक अर्जांत नसतो. “न्याय हवा” म्हणजे काय? चुकीची दुरुस्ती, जाहीर खुलासा, हिशेबाची तपासणी, की क्षमा? ते लिहा.

अर्ज सेक्रेटरीकडे द्या आणि पोच घ्या. त्याच्या प्रती सभासदांत वाटू नका. अर्जाची प्रत ग्रुपवर टाकली की कमिटीला निर्णय देता येत नाही, तिला फक्त बाजू घ्यावी लागते.

तक्रार पाळकांविरुद्ध किंवा वडिलांविरुद्ध असेल तर: १ तीमथ्य ५:१९ सांगते की दोघातिघांच्या साक्षीशिवाय वडिलांवरचा आरोप मनावर घेऊ नये. पुढारी हे वचन वाचून थांबतात. पुढची दोन वचनेही वाचावीत. पाप करत राहणाऱ्यांना सर्वांदेखत दोष दाखवावा, आणि हे काहीही पक्षपात न करता करावे. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याने त्या बैठकीचे अध्यक्षपद घ्यायचे नाही, आणि निर्णयाच्या वेळी खोलीत बसायचेही नाही. तुमच्या मंडळीवर वरची व्यवस्था असेल, जसे बिशप, धर्मप्रांत किंवा मंडळींचा संघ, तर नियमावलीत अपील कुठे करायचे ते पाहा आणि तीच वाट धरा.

वडिलांनो, तुमच्यासाठी इथे थोडे थांबतो. तक्रार घेऊन आलेल्याला पहिल्याच दिवशी “फूट पाडणारा” म्हणू नका. प्रेषितांची कृत्ये ६ मध्ये ग्रीक भाषा बोलणाऱ्यांनी कुरकुर केली की रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होते. प्रेषितांनी त्यांना गप्प केले नाही. सगळ्यांना बोलावले, काम सोपवायला सात जण निवडायला सांगितले, आणि निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच भाषेतली माणसे वाटपावर आली. तक्रार खरी होती, तिच्यावर उपाय झाला, आणि त्यानंतर वचनाचा प्रसार वाढला असे तिथे लिहिले आहे. दाबलेली तक्रार मात्र संपत नाही. ती घरोघरी जेवणाच्या वेळी बोलली जाते, आणि मुले ऐकतात. आईवडिलांच्या तोंडून पाळकांबद्दल रोज तेच ऐकणाऱ्या मुलाला तुम्ही संडे स्कूलमध्ये काय शिकवणार?

## टप्पा ६: मंडळीपुढे

इथपर्यंत फार थोड्या बाबी याव्यात. आलीच तर वडिलांनी ठरवून, सभासदांच्या बैठकीत, लिहिलेले निवेदन वाचावे. रविवारच्या उपदेशातून नाव न घेता टोमणे मारणे हा या टप्प्याचा पर्याय नाही. ज्याला टोमणा लागतो त्याला उत्तर देता येत नाही, आणि ज्याला लागत नाही तो अंदाज बांधत बसतो.

निवेदनात जेवढे सिद्ध झाले तेवढेच असावे. घरातल्या गोष्टी, आजार, मुलांची नावे यांना त्यात जागा नाही. आणि एक वाक्य जरूर असावे: परत यायची वाट कोणती.

कोणी म्हणेल, पौलाने तर पेत्राला सर्वांदेखत दोष दिला. दिला, कारण पेत्राची चूकही सर्वांदेखत होती. तो परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहुदी नसलेल्यांबरोबर, जेवत असे, आणि काही यहुदी माणसे आल्यावर मागे सरला, त्याच्यामुळे पौलाचा सोबती बर्णबासुद्धा ओढला गेला. उघड चूक उघडपणे, आणि तोंडावर. पेत्राच्या पाठीमागे पौलाने गट बांधला नाही. हा उतारा वापरायचा असेल तर दोन्ही अर्धे वापरा.

## कोणी तुमच्या कानाला लागले तर

आतापर्यंतचे सगळे बोलणाऱ्यासाठी होते. पण सरपण संपले की आग विझते आणि कानाला लागणारा नसला की तंटा मिटतो, असे नीतिसूत्रे २६:२० म्हणते. कानाला लागणाऱ्याला कान लागतो. तो कान तुमचा असतो.

1. त्याला अडवा, पण अपमान करू नका. “थांबा, तुम्ही त्यांच्याशी बोललात का?” हा प्रश्न पहिल्या दोन मिनिटांत विचारा. सगळे ऐकून मग विचारलात तर उशीर झाला.
2. “नाही” म्हणाले तर “आधी तुम्ही जा” म्हणा. भीती वाटत असेल तर “मी बरोबर येतो” म्हणा. फुकट ऐकू इच्छिणारे पुष्कळ असतात, बरोबर यायला तयार असलेला क्वचित भेटतो.
3. “कोणाला सांगू नका” अशी अट आधीच घातली तर ती स्वीकारू नका. “ऐकतो, पण कोणाच्या जिवाला धोका असेल तर गप्प राहणार नाही” हे स्पष्ट सांगा.
4. पंधरा दिवसांनी आपणहून विचारा: “बोलणे झाले का?”
5. “तुमच्यासारखा माणूस पुढारी असता तर…” हे वाक्य ऐकू आले की सावध व्हा. दावीद राजाचा मुलगा अबशालोम वेशीपाशी उभा राहून हेच करत असे. दाव्यासाठी येणाऱ्याला म्हणायचा, तुझे म्हणणे बरोबर आहे पण राजाकडे ऐकणारा कोणी नाही, मी न्यायाधीश असतो तर! एकाचाही दावा त्याने सोडवला असे तिथे लिहिलेले नाही, पण सगळ्यांची मने त्याने चोरली.

इशारा: ग्रुपवर असा मजकूर आला तर तिथे उत्तर देऊ नका, बाजू घेऊ नका, अंगठाही दाखवू नका. टाकणाऱ्याला वेगळा फोन करा आणि काढून टाकायची विनंती करा.

## फूट पाडणारा म्हणायचे कोणाला

हा शब्द जपून वापरा, पण वापरायची वेळ आली की टाळू नका. तीत ३:१० मध्ये तट पाडणाऱ्याला एकदोनदा बोध करून मग दूर ठेवायला सांगितले आहे. एकदोनदा म्हणजे खरोखर एकदा आणि दोनदा, समोर बसून, तारखेसह.

प्रश्न विचारणारा फूट पाडणारा नव्हे. बैठकीत विरोधी मत देणारा नव्हे. दुखावला जाऊन मोठ्याने बोललेला नव्हे. उत्तर मिळाले तरी ज्याचा प्रश्न संपत नाही, एक बाब मिटली की दुसरी काढतो, ज्याच्याशी वाद आहे त्याला भेटायचे टाळतो पण बाकी सगळ्यांना भेटतो, वेगळ्या प्रार्थनासभेला निवडक लोकांनाच बोलावतो: तो. आणि तो नेहमी बाकावरच बसलेला असतो असेही नाही. योहानाच्या तिसऱ्या पत्रातला दियत्रफेस श्रेष्ठत्वाची लालसा धरणारा होता, बंधूंना स्वतः स्वीकारत नव्हता आणि स्वीकारू पाहणाऱ्यांना मंडळीबाहेर घालवत होता. ज्याच्या हातात बाहेर घालवायचे बळ आहे तोही मंडळी फोडू शकतो.

नीतिसूत्रे ६ मध्ये परमेश्वराला वीट आणणाऱ्या सात गोष्टी आहेत. निर्दोषाचे रक्त पाडणारे हात त्यात आहेत, आणि भावाभावांत वैमनस्य पेरणारा त्याच यादीत आहे.

## तुमच्या हातून आधीच पसरले असेल तर

उलट्या क्रमाने जा. आधी ज्यांना सांगितले त्यांची यादी करा, आठवेल तितकी पूर्ण. प्रत्येकाला भेटून सांगा: “मी तुम्हाला जे सांगितले ते मी त्यांना विचारल्याशिवाय सांगितले. ते चुकले. तुम्ही कोणाला सांगितले असेल तर त्यांच्यापर्यंत हे पोचवा.” मग शेवटी त्या व्यक्तीकडे जा आणि कोणाकोणाला सांगितले ते लपवू नका. “कळत-नकळत काही चुकले असेल तर” अशी क्षमा मागू नका. काय चुकले ते नाव घेऊन सांगा.

खजिनदारांच्या बाबतीत माझी यादी दोन नावांची होती. त्या दोघांनी सांगितलेल्यांची मिळून अकरा झाली. दहा जणांपर्यंत मी पोचलो. अकरावे कुटुंब तोवर दुसऱ्या गावी गेले होते. त्यांच्या मनात ते भाऊ आजही पैसे खाणारे असतील.

क्षमा मिळाली तरी विश्वास लगेच मिळेल अशी अपेक्षा धरू नका. आणि ज्यांच्याकडे चूक करणारा परत आला आहे त्यांनी २ करिंथ २:६-८ उघडावे. बहुतेकांनी केलेली शिक्षा पुरे झाली, आता त्याला क्षमा करा, धीर द्या, नाहीतर अतिदुःखाने तो गिळला जाईल, असे पौल लिहितो. त्याला पुन्हा काम द्यायचे असेल तर आधी हाताने करायचे काम द्या: खुर्च्या लावणे, आजाऱ्यांना भेटणे. व्यासपीठ नंतर.

## मंडळी सोडायचीच असेल तर

कधी कधी सोडावे लागते. पौल आणि बर्णबा त्यांचा सोबती मार्क याला बरोबर न्यायचे की नाही यावरून इतके भांडले की वेगळे झाले. पण बर्णबाविरुद्ध पौलाने कुठल्या मंडळीत मोहीम चालवली असे कुठे दिसत नाही, आणि पुढे २ तीमथ्य ४:११ मध्ये तोच पौल लिहितो की मार्काला बरोबर घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे.

जाण्याआधी पाळकांना भेटून खरे कारण सांगा, पत्रही द्या. हातातली जबाबदारी, चाव्या, वह्या, पैसे यादी करून परत करा आणि सही घ्या. “आम्ही निघालो, तुम्हीही या” असे एकालाही म्हणू नका. निरोपाचा संदेश दोन ओळींचा ठेवा. ग्रुपमधून स्वतः बाहेर पडा. नव्या मंडळीत पहिले वर्षभर जुन्या मंडळीची गोष्ट सांगू नका. कोणी विचारले तर “तिथे माझे बाप्तिस्म्यापासूनचे दिवस गेले, त्यांच्यासाठी प्रार्थना करतो” एवढे सांगा, आणि मग खरोखर करा.